घशातला पांढरा खडा : लाज नको, इलाज हवा

तोंडाला वास येणे ही तक्रार अशी आहे की, ज्याला ती असते तो कोणाला सांगत नाही आणि ज्याला जाणवते तो तोंडावर बोलत नाही. ताप आला, कंबर धरली, पोट बिघडले तर आपण शेजाऱ्याला सांगतो, कामावर सांगतो, रजा मागतो. तोंडाच्या वासाबद्दल मात्र सगळे मुके. माणूस बोलताना तोंडापुढे हात धरू लागतो. लोकलच्या गर्दीत मान फिरवून उभा राहतो. लग्नकार्यात कोपरा धरून बसतो. घरचे म्हणतात, "हल्ली हा घुम्या झालाय." खरे कारण कधी कधी तांदळाच्या कणीएवढे असते आणि ते घशात बसलेले असते.

या कणीलाच टॉन्सिलचा खडा म्हणतात. वाचकांपैकी अनेकांनी तो पाहिलाही असेल. खोकताना, शिंकताना किंवा सकाळी चूळ भरताना तोंडात एकदम पांढरा-पिवळा मऊसर कण येतो. बोटांत चिरडला तर सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. कोणाला वाटते, रात्रीच्या भाताचे शीत अडकले होते. कोणाला वाटते, छातीतून काही आले, टीबी तर नसेल? कोणी कॅन्सरच्या धास्तीने रात्रभर झोपत नाही. आणि बहुतेक जण कोणालाच काही न सांगता पेपरात जाहिरात आलेली पावडर नाहीतर मेडिकलवाल्याच्या हातच्या गोळ्या घेत राहतात.

प्रस्तुत लेखक काही डॉक्टर नाही. पण वस्तीत काम करताना या एवढ्याशा खड्यापायी किती पैसा, किती झोप आणि किती संसार खर्ची पडतात हे पाहिले आहे. म्हणून आज या पानावर हा विषय उघडपणे मांडावा असे ठरवले.

टॉन्सिल म्हणजे काय?

आरशासमोर उभे राहा, तोंड मोठे उघडा आणि बॅटरीचा उजेड आत टाका. मध्ये लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना कमानीसारख्या दोन-दोन घड्या दिसतील. त्या घड्यांच्या बेचक्यात बदामाच्या आकाराची एकेक गाठ असते. हीच टॉन्सिल. प्रत्येकाला ती जन्मापासून असते. "मला टॉन्सिल झाले" असे आपण म्हणतो तेव्हा टॉन्सिल सुजले, एवढाच त्याचा अर्थ.

या गाठी घशाच्या दारावरच्या पहारेकरी आहेत. तोंडावाटे आणि नाकावाटे येणारे जंतू पकडायचे आणि त्यांच्याशी लढायला शरीराला शिकवायचे, हे त्यांचे काम. लहानपणी हे काम जोरात चालते, म्हणून मुलांचे टॉन्सिल मोठे दिसतात. वय वाढते तसे ते आक्रसत जातात.

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यात खोल भेगा आणि भोके असतात. एका टॉन्सिलवर अशी दहा ते तीस भोके असू शकतात. जंतू पकडायला जास्त जागा मिळावी म्हणून शरीराने केलेली ही सोय आहे. पण जुन्या चाळीच्या भिंतीतल्या भेगांत जशी धूळ आणि जळमट साचते, तसाच कचरा या भेगांतही साचतो.

खडा कसा तयार होतो?

तोंडातली जुनी कातडी रोज थोडी थोडी झडत असते. तिचे पापुद्रे, अन्नाचे बारीक कण, घट्ट लाळ आणि नाकातून मागच्या बाजूने घशात उतरणारा शेंबूड हे सगळे त्या भोकांत जाऊन बसते. तिथे हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंना अशी जागा म्हणजे पर्वणीच. ते हा कचरा कुजवतात आणि कुजताना गंधकाचे वायू तयार होतात. सडक्या अंड्याला जो वास येतो तो गंधकाच्याच वायूचा. म्हणूनच दात कितीही घासले तरी हा वास जात नाही. ब्रश दातांवर फिरतो, कचरा तर त्याच्या मागे घशात असतो.

साचलेल्या या लगद्यावर लाळेतल्या कॅल्शियमचे क्षार हळूहळू बसत जातात आणि तो टणक होऊ लागतो. दातांवर जशी किटणाची पुटे चढतात, तसाच हा प्रकार. बहुतेक खडे तांदळाच्या कणीपासून तुरीच्या डाळीएवढे आणि मऊ असतात. क्वचित एखादा वर्षानुवर्षे वाढून मोठा आणि कडक होतो.

ज्यांचे टॉन्सिल वारंवार सुजून भेगा खोल झालेल्या असतात, ज्यांचे नाक सतत चोंदलेले असते, जे तोंडाने श्वास घेतात किंवा ज्यांचे तोंड कोरडे पडते, त्यांना हे खडे जास्त होतात. आपल्या कष्टकरी माणसांच्या बाबतीत इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सिमेंट, कापूस, लाकडाचा भुसा यांच्या धुळीत काम करणाऱ्याचे नाक सदा बंद असते. रात्रपाळीचा वॉचमन आणि रिक्षा चालवणारा भाऊ तासन्‌तास पाणी पीत नाही. आणि आपल्या भगिनी? कामाच्या ठिकाणी धड संडास नाही, वस्तीतल्या संडासापुढे रांग, म्हणून कित्येक जणी सकाळपासून मुद्दामच पाणी कमी पितात. लाळ हा तोंडाचा घरचा झाडूवाला आहे. पाणी कमी झाले की लाळ कमी होते, आणि लाळ कमी झाली की कचरा जागच्या जागी राहतो. तेव्हा तोंडाला येणारा वास हा नेहमी त्या बाईच्या आळसाचा पुरावा नसतो. कधी कधी तो तिच्या वस्तीत नसलेल्या संडासाचाही पुरावा असतो.

खडा आहे हे कसे ओळखावे?

पुष्कळांना खडा असूनही काहीच त्रास होत नाही. दाताचा किंवा मानेचा एक्स-रे, सीटी स्कॅन काढताना तो योगायोगाने दिसतो. त्रास होतो तेव्हा साधारणपणे पुढील खुणा दिसतात.

एक, चांगले दात घासूनही तोंडाला उग्र वास राहतो. दोन, घशात एका बाजूला काहीतरी टोचते किंवा अडकल्यासारखे वाटते आणि सारखे खाकरावेसे वाटते. तीन, आरशात टॉन्सिलवर पांढरा किंवा पिवळट ठिपका दिसतो. चार, तोंडाला कडवट, धातूसारखी चव येते. पाच, कान चांगला असूनही कानात कळ येते. घशाकडे आणि कानाकडे जाणारी एक नस सामाईक असल्यामुळे घशातले दुखणे कानात जाणवते. कानात तेल टाकून ते थांबत नाही.

हा खडा संसर्गजन्य नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवल्याने, मुलाचा मुका घेतल्याने, नवरा-बायको जवळ झोपल्याने तो पसरत नाही. तो कॅन्सर नाही आणि कॅन्सरमध्ये त्याचे रूपांतरही होत नाही. खडा पोटात गेला तरी अपाय नाही, अन्नाबरोबर तो निघून जातो.

हेही सांगितले पाहिजे की तोंडाचा प्रत्येक वास खड्याचा नसतो. बहुतेक वेळा मूळ किडलेल्या दातांत, पू येणाऱ्या हिरड्यांत आणि जिभेच्या मागच्या भागावर बसलेल्या पांढऱ्या थरात असते. म्हणून घशाइतकेच दातही दाखवून घ्यावेत.

एका संसाराची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या विहारात एक तक्रार आली. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेली मुलगी माहेरी परत आली होती. सासूचे म्हणणे असे की, "पोरीच्या तोंडाला घाण वास येतो. आजार लपवून पोरगी आमच्या गळ्यात बांधली." नवरा खाली मान घालून बसला होता. मुलीचे वडील नाक्यावर उभे राहून रोज मिळेल ते काम करणारे. लग्नाचे कर्ज अजून फिटले नव्हते. आम्ही पुरुषमंडळी घटस्फोट, लग्नखर्च, भांडीकुंडी यांचा हिशेब मांडून बसलो. मुलगी दाराशी, पदर तोंडावर धरून.

महिला मंडळातल्या एक वयस्क बाई तोवर गप्प होत्या. त्यांनी नगरपालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षे आया म्हणून काम केलेले. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणते. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आधी पोरीच्या घशात बघा, मग घटस्फोटाचं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी मुलीला आणि जावयालाही बरोबर घेतले. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला, नाक-कान-घशाच्या ओपीडीसमोर दोन तास रांगेत बसले. डॉक्टरांनी कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पाहिले, जीभ दाबली, एका पात्याने टॉन्सिलची कड हलकेच दाबली. डाव्या बाजूने दोन पांढऱ्या कण्या बाहेर आल्या. पाच मिनिटांचे काम. डॉक्टरांनी त्या कापसावर ठेवून नवऱ्याला दाखवल्या आणि हे काय आहे ते समजावून सांगितले. मग त्यालाच म्हणाले, "आता तुम्ही तोंड उघडा." त्याच्या गालात तंबाखू धरायची जागा पांढरी पडलेली, हिरड्यांतून रक्त येत होते. बाहेर आल्यावर मावशी त्याला म्हणाल्या, "बाबा, वास तर तुझ्याबी तोंडाला येतोय. पण तुझ्यासाठी कुणी बैठक घेतली नाही."

मुलगी पंधरा दिवसांनी सासरी गेली. त्यानंतरही तिला दोनदा खडा झाला, गुळण्यांनी पडला. आता तिला ते काय आहे हे माहीत आहे, आणि नवऱ्यालाही. औषधापेक्षा या माहितीनेच अर्धे काम झाले.

काय करू नये?

खडा दिसला की तो टोकरून काढण्याचा मोह होतो. टाचणी, सेफ्टी पिन, केसांचा आकडा, काडेपेटीची काडी, झाडूची काडी यांपैकी काहीही घशात घालू नये. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, जरा ओरखडा गेला तरी रक्त लवकर थांबत नाही. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी टॉन्सिलच्या मागे फार लांब नसते. शिवाय उमासा आला आणि हातातली वस्तू सुटली तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका.

या संदर्भात विनयपिटकाच्या चुल्लवग्गातली एक हकीकत आठवते. तोंडाला दुर्गंधी येऊ नये म्हणून भिक्खूंनी दातवण वापरावे असे भगवान बुद्धांनी सांगितले. पुढे एका भिक्खूने फारच आखूड दातवण वापरले आणि ते त्याच्या घशात अडकले. तेव्हा दातवण चार बोटांपेक्षा आखूड असू नये असा नियम घालून दिला गेला. तोंड स्वच्छ ठेवा, पण घशात अडकेल असे काही घालू नका, ही शिकवण इतकी जुनी आहे.

बोटाला मीठ-हळद किंवा राख लावून लहान मुलांचे टॉन्सिल दाबणाऱ्या बाया अजून काही ठिकाणी आहेत. त्यांच्याकडे मुलांना मुळीच नेऊ नये. सुजलेली गाठ दाबल्याने जखम होते आणि नखांतले जंतू आत जातात.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. या गोळ्यांनी खडा विरघळत नाही. जंतू थोडे कमी होऊन वास चार दिवस कमी वाटेल, पण भेग तिथेच आहे, कचरा तिथेच आहे, म्हणून वास परत येतो. वरचेवर अर्धवट गोळ्या घेतल्या तर खऱ्या गरजेच्या वेळी त्या लागू पडत नाहीत.

घरच्या घरी काय करावे?

गुळण्या हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालावे. मान मागे टाकून घशात खळखळ आवाज येईल अशा गुळण्या कराव्यात, नुसती चूळ भरून उपयोग नाही. जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी केल्या तर भेगांतला कचरा मऊ होऊन सुटतो आणि पुष्कळदा खडा आपोआप पडतो. पाणी सोसेल इतकेच गरम असावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे पाणी गिळू नये. ज्या लहान मुलांना गुळण्या थुंकता येत नाहीत त्यांना हा उपाय देऊ नये.

रात्रीचा ब्रश चुकवू नये. दिवसभर कामावरून दमून आल्यावर कंटाळा येतो हे खरे, पण रात्री झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. एकदाच दात घासणे शक्य असेल तर ते रात्री घासावेत, असे म्हणण्याइतके रात्रीला महत्त्व आहे. अर्थात दोन्ही वेळा घासणे उत्तम. ब्रश झाल्यावर जीभ मागून पुढे पट्टीने हलक्या हाताने साफ करावी.

दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. कामावर बाटली न्यावी. नाक सारखे चोंदत असेल तर त्याचा इलाज करून घ्यावा, कारण खड्याचा कच्चा माल पुष्कळदा नाकातूनच येतो. बाजारात मिळणारी तोंड धुण्याची रंगीत औषधे महाग असतात. त्यांतल्या दारूचा अंश असलेल्या औषधांनी तोंड उलट कोरडे पडते. मिठाच्या पाण्यावर भागते तिथे त्यांवर पैसे घालवण्याचे कारण नाही.

एवढे करून खडा समोर दिसत असेल आणि निघत नसेल तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. ते योग्य साधनाने किंवा पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने तो काढतात. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. खडे परत होऊ शकतात, तेव्हा "एकदा काढला, पुन्हा का झाला?" म्हणून डॉक्टर बदलत फिरू नये.

मशेरी आणि तंबाखूचे काय?

यावर वेगळे लिहिले पाहिजे, कारण आपल्या घराघरांत मशेरीचा डबा आहे. तोंडाचा वास जावा म्हणून बायका मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने वास झाकला जातो, जात नाही. हिरड्या खराब होतात आणि सवय जडते ती वेगळीच. गुटखा, खैनी, विडी यांचेही तेच. धुराने तोंड कोरडे पडते आणि खड्याला पोषक परिस्थिती तयार होते.

त्याहून मोठा धोका दुसरा आहे. तंबाखू खाणाऱ्याच्या घशात काही पांढरे दिसले, टोचू लागले आणि त्याने "खडाच असेल" म्हणून सोडून दिले, तर कदाचित तो ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो आहे ती कॅन्सरची सुरुवात असू शकते. खडा येतो आणि पडतो. कॅन्सरची जखम येते आणि राहते, हळूहळू वाढते. हा फरक प्रत्येक तंबाखू खाणाऱ्याने पाठ करून ठेवावा.

प्रत्येक पांढरा ठिपका खडा नसतो

खडा निरुपद्रवी आहे हे वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. घशातल्या पांढऱ्या डागांमागे दुसरे आजारही असतात आणि त्यांना वेळ देता येत नाही.

पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप, गिळताना तीव्र दुखणे, लाल सुजलेले टॉन्सिल आणि त्यांवर पांढरे ठिपके असतील तर तो घशाचा जंतुसंसर्ग आहे. यातल्या एका प्रकारच्या जंतूमुळे दोन-तीन आठवड्यांनी सांधे दुखू-सुजू लागतात आणि पुढे हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा रोग दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब वस्त्यांतच जास्त आढळतो. म्हणून अशा मुलाला डॉक्टरांनी दिलेली औषधे सांगितलेल्या सर्व दिवसांपुरती द्यावीत. दोन दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवू नयेत.

घशात राखाडी-पांढरा पापुद्रा पसरलेला, मान सुजलेली आणि मूल मलूल असेल तर तो घटसर्प असू शकतो. त्यात श्वास कोंडून जीव जातो. तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे. घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांना, पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी. घरातले लसीचे कार्ड आजच काढून पाहावे.

घसा एका बाजूला फारच दुखतो, तोंड उघडत नाही, आवाज घोगरा-कोंडल्यासारखा झाला, लाळही गिळवत नाही, तर टॉन्सिलच्या मागे पू झाला असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

मोठ्या माणसात पुढीलपैकी काहीही तीन आठवड्यांहून जास्त राहिले तर तपासणी झालीच पाहिजे : एकाच बाजूचा टॉन्सिल मोठा दिसणे, न भरणारी जखम, मानेत गाठ, थुंकीतून रक्त, गिळताना अडणे, आवाज बदलणे, कारण नसताना वजन घटणे. रक्त पडत असेल तर तीन आठवडेही थांबू नये. आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

ऑपरेशन करावे का?

"टॉन्सिल काढूनच टाका ना, कटकट गेली," असे पुष्कळ जण म्हणतात. एके काळी डॉक्टरही असेच म्हणत. अमेरिकेत १९५० च्या दशकात वर्षाला दहा लाखांहून अधिक टॉन्सिलची ऑपरेशने होत असत. पुढे लक्षात आले की यांतली पुष्कळशी अनावश्यक होती, आणि प्रमाण खूप कमी झाले. आता वारंवार टॉन्सिल सुजणाऱ्या मुलांसाठी डॉक्टर साधारण असा हिशेब पाहतात : एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दर वर्षी तीन वेळा मोठा त्रास झाला असेल तर ऑपरेशनचा विचार.

नुसत्या खड्यासाठी ऑपरेशन हा शेवटचा उपाय आहे. सगळे उपाय करूनही खडे सतत होतात, वास जात नाही, माणसाचे जगणे अवघड झाले आहे, अशा वेळीच तो निवडावा. लेसरने किंवा तत्सम यंत्राने फक्त भेगा बुजवण्याची पद्धतही आहे, ती सगळीकडे उपलब्ध नसते.

टॉन्सिल पूर्ण काढण्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. नंतर दहा ते चौदा दिवस घसा चांगलाच दुखतो, मऊ आणि गार खावे लागते. पहिल्या चोवीस तासांत आणि पुन्हा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तोंडातून ताजे रक्त आले तर लगेच रुग्णालयात जावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाने हे दोन आठवडे आधीच हिशेबात धरावेत. एक दिलासा मात्र आहे. टॉन्सिल काढल्याने माणूस दुबळा होत नाही, घशातल्या इतर ग्रंथी ते काम सांभाळतात. आवाज कायमचा जातो, मूल होत नाही वगैरे जे बोलले जाते त्यात काडीचे तथ्य नाही.

कुठे जावे?

पहिली पायरी म्हणजे जवळचा सरकारी किंवा नगरपालिकेचा दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत करण्यात आले. मुंबईत के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक, नायर आणि जे.जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल आणि मेयो, छत्रपती संभाजीनगरात घाटी, या रुग्णालयांत नाक-कान-घशाचा स्वतंत्र विभाग आहे. दातांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयचे पैसे कापले जातात त्यांनी कार्ड दाखवून कामगार विम्याच्या रुग्णालयात जावे. तो आपलाच पैसा आहे, उपकार नव्हे. ऑपरेशन सांगितले गेले तर होकार देण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर असू द्यावे.

डॉक्टरांपुढे बसल्यावर लाजू नये. "घसा दुखतो" एवढेच सांगून उठू नये. "तोंडाला वास येतो, घशातून पांढरा खडा पडतो, अमुक महिन्यांपासून पडतो," असे स्पष्ट सांगावे. तंबाखू खात असाल तर तेही सांगावे. अर्धवट सांगितले की औषधही अर्धवट मिळते.

घरातल्यांसाठी दोन शब्द

ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला बहुधा तो स्वतःला कळत नाही, कारण नाकाला त्याची सवय झालेली असते. त्याला सांगायचे कोणी? जवळच्या माणसाने, एकांतात आणि मायेने. चारचौघांत नाक मुरडून नव्हे. बहिणीने बहिणीला सांगावे, आईने लेकीला, बायकोने नवऱ्याला आणि नवऱ्याने बायकोला. सून असेल तर सासूने तिला दवाखान्यात न्यावे, शेजारणीत चर्चा करू नये. वर्गात एखाद्या मुलाला इतर मुले जवळ बसू देत नसतील तर शिक्षकांनी त्याच्या पालकांना बोलावून घसा आणि दात तपासायला सांगावे.

वास शरीराचा असतो, माणसाचा नसतो. शरीरातल्या कुठल्याही गोष्टीला कारण असते आणि कारण सापडले की बहुतेकदा उपायही सापडतो. आज रात्री जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी बॅटरीच्या उजेडात एकमेकांचा घसा पाहावा. पेलाभर कोमट पाण्यात मीठ घालायला फारसा खर्च येत नाही, आणि वेळेवर काढलेला एक केसपेपर पुढचा पुष्कळ खर्च वाचवतो.